इंडियन डर्बीत आपला घोडा उतरवायचा का? मालक आणि सिंडिकेटच्या भागीदारांसाठी

इंडियन डर्बी घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते. शर्यत फक्त चार वर्षांच्या घोड्यांची, त्यामुळे हे वर्ष हुकलं की हुकलंच. ही एकच गोष्ट मालकांच्या डोक्यात इतकी घर करते की बाकीचं सगळं मागे पडतं. ‘पुन्हा संधी नाही, उतरवू या’ हा युक्तिवाद मी तबेल्यांत पुष्कळदा ऐकला आहे आणि तो मला कधीच पटलेला नाही. संधी एकदाच असते हे खरं, पण घोड्याचे पायही एकदाच मिळतात. चुकीच्या अंतरावर, अर्धवट तयारीत पळवलेला चार वर्षांचा घोडा पुढे दोन-दोन हंगाम सावरत नाही.

म्हणून हा निर्णय टप्प्याटप्प्याने घ्यावा, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘नाही’ म्हणायची तयारी ठेवावी. निर्णय अर्थातच ट्रेनरबरोबर घ्यायचा आहे. पण ट्रेनरला नेमके कोणते प्रश्न विचारायचे, हे मालकाला माहीत असायलाच हवं.

आधी शर्यत समजून घ्या

इंडियन डर्बी १९४३ पासून मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर होते. अंतर २४०० मीटर, जमीन गवताची, वळणं उजव्या हाताची. प्रथेप्रमाणे फेब्रुवारीचा पहिला रविवार. भारतात जन्मलेले घोडेच पळतात. नरांना ५७ किलो वजन, फिलीला (तरुण घोडीला) त्यात दीड किलोची सूट.

आपल्याकडे सगळ्या रेसच्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढतं. त्यामुळे डिसेंबरमध्ये इंडियन २००० गिनीज ही १६०० मीटरची शर्यत पळलेला तीन वर्षांचा घोडा फेब्रुवारीत चार वर्षांचा म्हणून डर्बीला उभा राहतो. कागदावर सगळे एकाच वयाचे. प्रत्यक्षात जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि एप्रिलच्या शेवटी जन्मलेलं शिंगरू यांच्यात तीन-चार महिन्यांची वाढ असते. चौथ्या वर्षी हा फरक बराच मिटलेला असतो, पण उंच, लांब हाडाच्या, उशिरा भरणाऱ्या घोड्यांत तो दिसतो. आपल्या घोड्याची खरी जन्मतारीख पासपोर्टात बघा आणि मग त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट बघा. छाती भरली आहे का? मागचा भाग पुढच्यापेक्षा अजून उंच दिसतो का? दिसत असेल तर त्याची वाढ चालू आहे. असा घोडा सप्टेंबरमध्ये पुण्याच्या इंडियन सेंट लेजर या लांब पल्ल्याच्या शर्यतीपर्यंत वेगळाच प्राणी झालेला असतो.

अंतर: निम्मा निर्णय इथेच होतो

बहुतेक मालकांचा घोडा १६०० मीटरवर चमकलेला असतो आणि त्यावरून डर्बीचं स्वप्न सुरू होतं. १६०० आणि २४०० यांत ८०० मीटरचा फरक आहे. तिथे दुसऱ्याच प्रकारचा घोडा लागतो. २४०० मीटर पळायला सुमारे अडीच मिनिटं लागतात आणि शेवटच्या चारशे मीटरसाठी जे शिल्लक ठेवायचं, ते पहिल्या हजार मीटरमध्ये वाचवावं लागतं.

तीन गोष्टी तपासा.

पहिली, वंशावळ. बापाची मुलं किती अंतरावर जिंकली हे सगळे बघतात, आईकडे मात्र कमी लक्ष जातं. आईची आधीची पिल्लं, आईची भावंडं, आईचा बाप यांच्या विजयांची अंतरं एका कागदावर लिहून काढा. सगळे विजय १००० ते १४०० मीटरचे असतील, तर एकट्या बापाच्या नावावर २४०० मीटरची आशा धरू नका. अलीकडे जनुकीय चाचणीही होते. मायोस्टॅटिन नावाच्या जनुकातल्या एका फरकाचा घोड्याला मानवणाऱ्या अंतराशी संबंध असल्याचं डब्लिनच्या विद्यापीठातल्या संशोधनाने २०१० मध्ये दाखवलं. सी-सी प्रकारचे घोडे साधारणपणे कमी अंतराचे, टी-टी लांब पल्ल्याचे, सी-टी मधले. या चाचणीने डर्बीचा घोडा सापडत नाही, पण निकाल सी-सी आला तर डर्बीसाठी तो मोठा लाल दिवा समजावा. माझ्या मते तेवढ्यासाठी ती करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, स्वभाव. वंशावळीइतकीच महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी. दौडताना घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो, त्याचं फुप्फुस आणि पाय एकाच तालात बांधलेले असतात. सुरुवातीला लगाम ओढत, मान वर करत पळणारा घोडा हा ताल बिघडवतो आणि तीनशे मीटरमध्ये शेवटच्या वळणासाठीची ताकद खर्च करून बसतो. तो दुसऱ्या घोड्यांच्या मागे शांत बसतो का? जॉकीने हात सैल सोडले की श्वास सोडून लांब झेपा टाकतो का? याचं उत्तर रायडिंग बॉयला विचारा. रोज पहाटे तोच त्याच्या पाठीवर असतो, आणि मालकाला काय ऐकायला आवडेल याची फिकीर त्याला सगळ्यांत कमी असते.

तिसरी, शेवटच्या शर्यतीतला शेवट. किती लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला हे बाजूला ठेवा. विनिंग पोस्ट ओलांडल्यावर काय झालं ते चित्रफितीत बघा. पोस्टनंतरच्या दोनशे मीटरमध्ये जो घोडा अजून पुढे सरकत असतो आणि ज्याला थांबवायला जॉकीला वेळ लागतो, तो लांबच्या अंतराला पाठवण्यासारखा. पोस्टच्या शंभर मीटर आधीच ज्याची झेप आखूड झाली होती, तो मोठ्या फरकाने जिंकला असला तरी माझ्या यादीतून बाहेर.

रेटिंगचा हिशेब

इथे बसून आकडेमोड करा, आवडत नसली तरी.

हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना एका पातळीवर आणतात. घोड्याला त्याच्या कामगिरीवरून जे गुण देतात ते त्याचं रेटिंग, आणि आपल्याकडे रेटिंगचे २ गुण म्हणजे १ किलो. डर्बी ही टर्म्सची शर्यत, तिथे सगळे नर एकाच वजनाने पळतात. म्हणजे हँडिकॅपमध्ये कमी वजनाची जी मदत तुमच्या घोड्याला मिळत होती, ती डर्बीत पूर्ण जाते.

समजा तुमच्या घोड्याचं रेटिंग ८४ आहे आणि मैदानातल्या सर्वांत चांगल्या घोड्याचं १०४. फरक २० गुणांचा, म्हणजे १० किलो. २४०० मीटरवर ढोबळ हिशेबाने एक लेंग्थ म्हणजे सुमारे ०.७ किलो. दोघेही आपापल्या रेटिंगप्रमाणे पळाले, तर तुमचा घोडा जवळजवळ १४ लेंग्थ मागे राहील. चार वर्षांचा घोडा सुधारतो, मान्य. लांब अंतरावर काही घोडे रेटिंगपेक्षा चांगले पळतात, हेही मान्य. पण २० गुणांची सुधारणा दोन महिन्यांत गृहीत धरायची असेल तर तिला काहीतरी आधार हवा.

गिनीजमधल्या कामगिरीवरूनही हाच हिशेब उलटा करता येतो. १६०० मीटरवर एक लेंग्थ साधारण ०.९ किलो. घोडा गिनीज विजेत्याच्या ६ लेंग्थ मागे आला असेल, तर फरक सुमारे साडेपाच किलो, म्हणजे ११ गुण. हा फरक वाढलेल्या अंतरामुळे भरून निघेल असं वाटण्याचं कारण वरच्या तीन तपासण्यांमध्ये सापडलं का? सापडलं असेल तर विचार जरूर करा. ११ गुण मागे असलेला पण शेवटी जोरात येणारा स्टेअर (लांब पल्ल्याचा घोडा) डर्बीत तिसरा-चौथा येऊ शकतो.

माझा स्वतःचा निकष असा: सर्वांत चांगल्या घोड्यापासून १५ गुणांच्या आत असेल आणि अंतर मानवणार असेल, तर पुढच्या टप्प्यावर जा. त्यापेक्षा दूर असेल तर त्याच दिवसांतली त्याच्या वर्गातली हँडिकॅप शोधा. तिथे तो मान ताठ ठेवून पळेल.

पुण्याचा फॉर्म, मुंबईचा फॉर्म

आपल्याकडे पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला रेसेस होतात. ऑगस्टमध्ये पुण्याच्या ओल्या, मऊ जमिनीवर तीन शर्यती जिंकलेला घोडा फेब्रुवारीत महालक्ष्मीच्या कडक, वेगवान गवतावर तसाच पळेल असं नाही. उलटही घडतं. प्रत्येक शर्यतीच्या दिवशीचा पेनिट्रोमीटरचा (जमीन किती मऊ हे मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा जुन्या निकालांत मिळतो. तो घोड्याच्या प्रत्येक धावेसमोर लिहून ठेवा. चार-पाच धावा झाल्या की त्याला कोणती जमीन आवडते हे आपोआप दिसू लागतं.

पहाटेच्या ट्रॅकवर्कचे (सरावाचे) वर्तमानपत्रांत येणारे आकडे जपून वाचा. ‘१०००, ६००/३८, मूव्ड फ्रीली’ (हजार मीटरचं काम, शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत, मोकळा पळाला) असं छापून आलं की मालकाचा ऊर भरून येतो. पण ती वेळ आतल्या वाळूवरची की बाहेरच्या, पाठीवर जॉकी होता की वजनदार रायडिंग बॉय, बरोबर कोणता घोडा होता, हे कळल्याशिवाय त्या ३८ सेकंदांना काही अर्थ नाही. मला आकड्यापेक्षा गॅलपनंतर दहा मिनिटांनी घोडा कसा श्वास घेतो हे बघायला जास्त आवडतं.

फिली असेल तर

फिलीच्या मालकासमोर आणखी एक वाट असते: फक्त माद्यांसाठीची इंडियन ओक्स, तीही २४०० मीटरची. मग नरांशी का भिडायचं?

कधीकधी भिडायलाच हवं. पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीनेच जिंकली होती, आणि २०१० मध्ये जॅकलिनने जिंकली. दीड किलोची सूट म्हणजे ३ गुण, २४०० मीटरवर सुमारे दोन लेंग्थ. तुमची फिली वरच्या नरांच्या रेटिंगला जवळजवळ भिडत असेल तर ही सूट निकाल फिरवू शकते. ती फक्त माद्यांमध्ये वरचढ असेल आणि नरांबरोबर अजून पळालेलीच नसेल, तर ओक्स हीच तिची शर्यत. दोन्ही पळवायच्या असतील तर दोन शर्यतींत किती दिवस आहेत आणि पहिल्या शर्यतीनंतर तिने किती दिवसांत पूर्ण दाणा खाल्ला, यावर ठरवा. काही फिली कठीण शर्यतीनंतर आठवडाभर दाण्याला तोंड लावत नाहीत. तिने तुम्हाला उत्तर दिलेलं असतं.

शरीर: शेवटचे तीन आठवडे

अंतर आणि रेटिंग यांची परीक्षा पार पडली तरी निर्णय अर्धाच झाला आहे. आता रोजची वही सुरू करा. ट्रेनरकडे ती असतेच, तुम्ही फक्त दर दोन दिवसांनी विचारा आणि ऐका.

सकाळचं तापमान सर्वांत आधी. निरोगी घोड्याचं साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं, पण तुमच्या घोड्याचं नेहमीचं किती हे माहीत हवं. रोज ३७.६ असणारा घोडा एके दिवशी ३८.४ दाखवू लागला, तर पुस्तकाप्रमाणे तो ठीक आहे, त्याच्या स्वतःच्या मापाने ठीक नाही.

मग पाय. पुढच्या पायांच्या मागच्या बाजूचे स्नायुबंध रोज पहाटे कामाआधी हाताने चाचपायचे. एका पायात दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त ऊब, बोटभर जागेत थोडा फुगीरपणा, दाबल्यावर पाय ओढून घेणं, यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवशी काम बंद आणि अल्ट्रासाउंड. सईसच्या (घोड्याची रोज देखभाल करणाऱ्याच्या) हाताला हे डॉक्टरच्या आधी कळतं. त्याने सांगितलेली शंका कुणी उडवून लावत असेल, तर मालकाने तिथे बोललं पाहिजे.

जास्त कठीण प्रश्न हाडांचा आहे, कारण ती दुखापत बाहेरून दिसत नाही. शर्यतीत पाय मोडतो तो बहुतेक वेळा एका चुकीच्या पावलाने मोडलेला नसतो. आधीच्या आठवड्यांत हाडात बारीक तडे साचत गेलेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या मेलबर्न कपमध्ये अँथनी व्हॅन डाइक हा इंग्लंडच्या डर्बीचा विजेता पाय मोडून दगावला. त्यानंतर तिथे पायांचं सीटी स्कॅन सक्तीचं झालं, आणि २०२४ मध्ये यान ब्रुगेल हा आघाडीचा दावेदार स्कॅनमधल्या शंकेवरून पशुवैद्यांनी कपमधून बाहेर काढला. ट्रेनर आणि मालक नाराज होते. मी पूर्णपणे पशुवैद्यांच्या बाजूचा आहे. आपल्याकडे शर्यतीआधी असं स्कॅन सरसकट होत नाही, म्हणून आपली जबाबदारी वाढते. घोडा वळणावर एकाच बाजूला झुकू लागला, दौडताना पुढे टाकायचा पाय नेहमीसारखा बदलायला नकार देऊ लागला किंवा ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) झेप आखूड झाली, तर किमान एक्स-रे केल्याशिवाय पुढचा गॅलप नको.

नाकातून किंवा श्वासनलिकेत रक्त येण्याचा इतिहास असेल तर आणखी सावध. कठीण गॅलपनंतर एंडोस्कोपी करून घ्या. अडीच मिनिटांच्या शर्यतीत शेवटी वेग वाढवताना फुप्फुसावर सर्वांत जास्त ताण येतो, आणि १६०० मीटरला लपलेलं दुखणं २४०० ला उघडं पडतं. उपचार चालू असतील तर औषध अंगातून जायला किती दिवस लागतात हे डॉक्टरकडून लेखी घ्या. अमेरिकेतली २०२१ ची केंटकी डर्बी पहिल्या नंबरने संपवलेल्या मेडिना स्पिरिटचा विजय एका औषधाच्या अंशामुळे रद्द झाला.

बाहेरगावाहून घोडा आणणार असाल तर लांबच्या प्रवासाचा वेगळा हिशेब धरा. ट्रकमध्ये तासन्‌तास मान वर बांधून ठेवली की घोड्याला घशातली धूळ आणि कफ खाली टाकता येत नाही, आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो. वाटेत थांबून मान खाली घेऊ द्यायची, पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान घ्यायचं. बंगळूर किंवा हैदराबादहून आदल्या दोन दिवसांत घोडा आणून डर्बी पळवणं मला मान्य नाही.

एंट्री आणि भरायचे पैसे

क्लासिक शर्यतींच्या एंट्री खूप आधी बंद होतात, मग ठरावीक तारखांना पैसे भरत नाव पुढे न्यायचं असतं. हंगामाच्या प्रॉस्पेक्टसमधून त्या सगळ्या तारखा आणि रकमा आपल्या कॅलेंडरवर उतरवा. प्रत्येक तारीख ही विचार करायची तारीख माना. आतापर्यंत इतके पैसे भरले म्हणून पुढचेही भरू, असं करू नका. भरलेले पैसे घोड्याच्या पायाला बळ देत नाहीत.

घोडे जास्त झाले तर कोण निवडतं?

हे जाणून घेतलं की आपला निर्णय अधिक स्पष्ट होतो. केंटकी डर्बीत जास्तीत जास्त २० घोडे पळतात. कोणते, हे २०१३ पासून पूर्वतयारीच्या शर्यतींतल्या गुणांवर ठरतं. मेलबर्न कपमध्ये २४ जागा आहेत. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलने सुरक्षिततेसाठी २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ केली. या पद्धतींना एकच मर्यादा आहे: जागा मिळवण्याइतका घोडा चांगला आहे का, हे त्या सांगतात. या महिन्यात, या अंतरावर, या पायांनी त्याने पळावं का, हे सांगू शकत नाहीत.

इथे कुणीतरी रिच स्ट्राइकचं नाव काढतंच. २०२२ मध्ये तो केंटकी डर्बीच्या राखीव यादीत होता, आदल्या सकाळी एक घोडा मागे घेतला गेला म्हणून आत आला, आणि ८० ला १ भावाने जिंकला. ‘बघा, काहीही होऊ शकतं!’ पण त्याची गोष्ट नीट बघा. तो पूर्वतयारीच्या शर्यतीत तिसरा आला होता, शेवटी वेग वाढवणारा होता, अंतर वाढलेलं त्याला मानवलं, आणि जागा नसतानाही ट्रेनरने त्याला त्या शनिवारसाठी पूर्ण तयार ठेवलं होतं. या लेखातल्या बहुतेक टप्प्यांवर तो खरा उतरला असता, फक्त रेटिंगने मागे होता.

मागे घ्यायच्या अटी आधीच लिहा

डिक्लेरेशनच्या, म्हणजे घोडा पळणार हे शेवटचं कळवायच्या, आठवड्यात सगळ्यांची डोकी गरम असतात. पाहुण्यांना निमंत्रणं गेलेली, कपडे शिवून आलेले, सिंडिकेटच्या ग्रुपवर रोज शंभर मेसेज. तेव्हा शांतपणे विचार होत नाही. म्हणून महिनाभर आधी ट्रेनर, डॉक्टर आणि भागीदारांनी बसून एका पानावर अटी लिहाव्यात: पायात ऊब दिसली तर मागे. तापमान त्याच्या नेहमीपेक्षा अर्ध्या अंशाने वर, दोन वेळा मोजून, तर मागे. सलग दोन वेळा दाणा उरला तर डॉक्टरचा निर्णय अंतिम. ठरलेला शेवटचा गॅलप कोणत्याही कारणाने चुकला तर मागे. सिंडिकेट असेल तर मतदान ठेवू नका. डॉक्टर किंवा ट्रेनर, दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की नाही.

२०२३ च्या केंटकी डर्बीच्या सकाळी सर्वांत आवडता घोडा फोर्टे याला तळपायाच्या दुखण्यामुळे सरकारी पशुवैद्यांनी मागे घेतलं. पाच आठवड्यांनी तोच घोडा बेलमाँट स्टेक्स या अमेरिकेतल्याच मोठ्या शर्यतीत दुसरा आला.

ड्रॉ (सुरुवातीच्या गेटचा चिठ्ठीने मिळणारा क्रमांक) आणि जॉकी यांवर थोडक्यात. २४०० मीटरला ड्रॉमुळे मागे घ्यायची वेळ सहसा येत नाही. जॉकी मात्र असा हवा जो घोड्याला पहिल्या वळणापर्यंत शांत बसवेल. आधी एकदा तरी तो त्याच्यावर बसलेला असू द्या, निदान पहाटेच्या गॅलपला.

आणि मागे घेतलाच, तर दुसऱ्याच दिवशी पुढचा कार्यक्रम आखा. दुखापत नसेल आणि फक्त वर्ग कमी पडत असेल, तर मुंबईच्या हंगामात एप्रिलपर्यंत त्याच्या रेटिंगच्या हँडिकॅप आहेत. अंतर मानवतं पण तयारी कमी पडली, असं असेल तर मार्चमधल्या इन्व्हिटेशन कप या मोठ्या शर्यतीच्या अटी बघा. उशिरा भरणारा स्टेअर असेल, तर एप्रिलनंतर त्याला दोन महिने पॅडॉकमध्ये मोकळा सोडा, पावसाळ्यात पुण्याला एक-दोन मध्यम अंतराच्या शर्यती द्या आणि सप्टेंबरमधल्या सेंट लेजरच्या २८०० मीटरसाठी त्याची एंट्री वेळेवर भरा.